नोंदवहीतले श्रेय

दर वर्षी २८ फेब्रुवारी हा दिवस आपण ‘राष्ट्रीय विज्ञान दिन’ म्हणून साजरा करतो. शाळा-महाविद्यालयांतून व्याख्याने होतात, भित्तिपत्रके लागतात, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रतिमेला पुष्पहार घातला जातो. १९२८ साली याच दिवशी कोलकात्यात रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाचा एक नवा आविष्कार निश्चित केला, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत त्यांनी काय केले, हे मात्र व्याख्यानांतून फारसे सांगितले जात नाही. आज आम्हाला प्रारंभ तेथूनच करावयाचा आहे.

शोध निश्चित झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी रामन यांनी त्याची बातमी वृत्तसंस्थेकडे दिली. लंडनच्या ‘नेचर’ या पत्रिकेकडे टिपण धाडले. १६ मार्चला बंगळूरला जाऊन त्यांनी या विषयावर सविस्तर व्याख्यान दिले, ते मार्च संपण्यापूर्वी छापून घेतले आणि त्याच्या प्रती जगभरच्या शास्त्रज्ञांना टपालाने रवाना केल्या. ही घाई कशासाठी होती, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मॉस्कोमध्ये आहे. लँडस्बर्ग आणि मँडेलश्टाम या दोन रशियन शास्त्रज्ञांना स्फटिकांवर प्रयोग करताना हाच आविष्कार दिसला होता आणि त्यांच्या म्हणण्यानुसार रामन यांच्या आठवडाभर आधी, म्हणजे २१ फेब्रुवारीस दिसला होता. परंतु त्यांचे लेखन प्रसिद्ध होईपर्यंत रामन यांचे छापील व्याख्यान युरोपच्या प्रयोगशाळांतून पोहोचले होते. १९३० चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. रशियन भाषेत आजही या आविष्काराला रामन यांचे नाव लावीत नाहीत; तेथे त्याला वेगळे नाव आहे. अन्याय झाल्याची भावना त्या देशातही आहे, हे आपण ध्यानात घेतलेले बरे. (‘नेचर’मधील त्या टिपणावर रामन यांच्यासोबत के. एस. कृष्णन यांचेही नाव होते. प्रयोगांतील त्यांचा वाटा फार मोठा होता. विज्ञान दिनाच्या भाषणांत त्यांचे नाव किती वेळा येते, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे.)

रामन यांची प्रज्ञा असामान्य होती, यात शंका नाही. परंतु त्यांचे श्रेय टिकले ते प्रज्ञेच्या जोडीला नोंदीची दक्षता होती म्हणून. पराधीन देशातील एका प्रयोगशाळेत, जुजबी उपकरणांवर काम करणाऱ्या या माणसाने एक गोष्ट पुरती ओळखली होती. आपला शोध तारखेनिशी, छापील स्वरूपात जगासमोर गेला नाही तर उद्या आपल्यासाठी रडणारे पुष्कळ भेटतील, आपल्या बाजूने साक्ष देणारा कोणी भेटणार नाही.

भारतीयांच्या शोधांचे श्रेय परकीयांनी लाटले, हा आपल्याकडे व्याख्यानांचा, लेखांचा आणि घराघरांतील गप्पांचा आवडता विषय आहे. त्यातील वेदना खोटी नाही. आचार्य जगदीशचंद्र बसूंचे उदाहरण घ्या. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय लहरी भिंतींच्या आरपार पाठवून दूरवरची घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडवून आणला. अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर त्यांनी त्या काळी जे काम केले, त्याच्या जवळपास पोहोचायला जगाला पुढे अनेक दशके लागली. १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर त्यांचा एक निबंध सादर झाला. लहरींचा वेध घेणाऱ्या ‘कोहिअरर’ या उपकरणाची एक नवी रचना त्यात होती. जुन्या कोहिअररला प्रत्येक संदेशानंतर टिचकी मारून पूर्वस्थितीत आणावे लागे. लोखंड आणि पारा यांच्या स्पर्शावर चालणारे बसूंचे उपकरण आपले आपणच सावरत असे.

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेला संदेश न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर ऐकला, तेव्हा त्याच्या कानाशी असलेल्या टेलिफोनला पाऱ्याचाच कोहिअरर जोडलेला होता. हे उपकरण त्याला इटालियन नौदलातील सोलारी या त्याच्या मित्राकडून मिळाले होते आणि ‘इटालियन नौदलाचा कोहिअरर’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले. त्याचे ब्रिटिश पेटंट मार्कोनीने १९०१ च्या सप्टेंबरातच मागितले होते. पुढे त्या उपकरणाचा खरा जनक कोण, यावरून इटलीतच वाद माजला. नौदलातील एका साध्या सिग्नलमनचे नावही पुढे आले. बसूंचे नाव मात्र बाजूलाच राहिले. १९०९ चे नोबेल मार्कोनी आणि ब्राऊन यांना विभागून मिळाले. प्रबीर बंदोपाध्याय या अभियंत्याने जुनी कागदपत्रे, पत्रव्यवहार आणि पेटंटे ताडून पाहिली आणि १९९८ साली अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या जगद्विख्यात संस्थेच्या मुखपत्रात सर्व धागे जुळवून दाखविले, तेव्हा कोठे बसूंचा हक्क जागतिक तंत्रज्ञांच्या दरबारात गांभीर्याने मांडला गेला. हे कार्य घोषणांनी झाले नाही, दप्तरखान्यात बसून झाले.

परंतु या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बसूंना पेटंट ही कल्पनाच रुचत नव्हती. १९०१ साली लंडनमध्ये एका तारायंत्र कंपनीच्या धनाढ्य मालकाने त्यांना व्याख्यानात सर्व काही उघड करू नका अशी गळ घातली, पेटंट आपण घेऊ आणि नफा वाटून घेऊ, असे सुचविले. बसूंनी ते साफ नाकारले. रवींद्रनाथांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा प्रसंग वर्णिला आहे. ज्ञानाचा व्यापार करायचा नाही, हा त्यांचा निर्धार ऋषितुल्य होता. सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी आग्रह धरला नसता तर १९०१ मध्ये अमेरिकेत मागितलेले आणि १९०४ मध्ये मिळालेले ते एक पेटंटही त्यांच्या नावावर झाले नसते. विवेकानंदांच्या या दोन शिष्यांनी ओळखलेली गोष्ट अशी की, ज्ञान जगाला मोफत द्यायचे असले तरी ते कोणी दिले याची नोंद असावी लागते. नोंद म्हणजे लोभ नव्हे. दान देणाऱ्यानेही दानपत्र लिहून ठेवायचे असते, नाहीतर उद्या तिसराच माणूस दाता म्हणून मिरवतो.

आणि आणखी एक. ‘रेडिओ बसूंनी शोधला आणि मार्कोनीने चोरला’ एवढ्या एका वाक्यात हा इतिहास मावत नाही. लॉज, टेस्ला, पोपोव्ह अशा अनेकांचे हात त्या कामाला लागले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली मार्कोनीच्या पेटंटांमधील काही दावे फेटाळले, ते टेस्ला, लॉज आणि स्टोन यांचे काम आधीचे होते या कारणाने. बसूंचे स्वतःचे लक्ष तारायंत्राच्या धंद्याकडे नव्हते. लहरींच्या गुणधर्मांकडे होते आणि पुढे ते वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. त्यांचा जो हक्क आहे तो पुरेसा मोठा आहे. तो फुगवून सांगण्याची गरज नाही आणि फुगवून सांगितला की ऐकणारा जाणकार खऱ्या हक्कावरही शंका घेऊ लागतो.

राधानाथ सिकदारांची कथा याहून कमी सांगितली जाते आणि चोरीच्या दृष्टीने ती अधिक उघड आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात १८३१ साली गणनाकार म्हणून दाखल झालेल्या या बंगाली गणितज्ञाच्या हाताखालून १८५० च्या दशकाच्या प्रारंभी ‘शिखर १५’ची आकडेमोड गेली आणि ते जगातील सर्वोच्च शिखर असल्याचे निष्पन्न झाले. शिखराला नाव मिळाले ते निवृत्त साहेबाचे. हे सर्वांना माहीत आहे. कमी माहीत आहे ती एका पुस्तकाची गोष्ट. १८५१ साली सर्वेक्षण खात्याने सर्वेक्षणशास्त्रावर एक मोठा ग्रंथ काढला. त्याचे लेखक म्हणून दोन इंग्रज अधिकाऱ्यांची नावे होती, पण त्यातील अत्यंत अवघड तांत्रिक भाग सिकदारांनी सिद्ध केला होता आणि पहिल्या दोन आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत ते मोकळेपणाने मान्य केलेले होते. १८७० मध्ये सिकदार निवर्तले. १८७५ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली आणि तिच्यातून ती कृतज्ञता नाहीशी झाली. मजकूर तोच, मात्र नाव पुसलेले! ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या पत्राने त्यावर टीकेची झोड उठवली आणि या प्रकाराला मृत माणसाची लूट म्हटले. विशेष असे की, या अन्यायाविरुद्ध आवाज उठविणारा अधिकारी स्वतः इंग्रजच होता आणि त्याला त्याची किंमत मोजावी लागली. आज आपण सिकदारांविषयी ठामपणे बोलू शकतो, कारण पहिल्या दोन आवृत्त्या ग्रंथालयांतून शिल्लक आहेत. प्रस्तावनेतील त्या ओळी छापल्या गेल्या नसत्या तर उरली असती ती केवळ एक दंतकथा.

येथवर वाचणाऱ्याला मान डोलवणे सोपे आहे, कारण येथवरचे लुटारू परके आहेत. आता जे सांगायचे आहे ते अधिक कटू आहे.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांच्या प्रयत्नांतून जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात दुर्गापूजेच्या दिवसांत एक मुलगी जन्मली. तिचे नाव जगासाठी ‘दुर्गा’ असे ठेवण्यात आले. तिच्या जन्मामागे होते डॉ. सुभाष मुखोपाध्याय आणि त्यांचे दोन सहकारी, शीतजीवशास्त्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य. त्यांनी इंग्लंडची नक्कल केली असे कोणाला वाटत असेल तर तो समज तत्काळ दूर केला पाहिजे. त्यांची वाट निराळी होती आणि अनेक बाबतीत पुढची होती. इंग्लंडमधील यश नैसर्गिक चक्रात मिळालेल्या एकाच स्त्रीबीजावर आधारलेले होते आणि ते पोटाला छेद देऊन दुर्बिणीने काढण्यात आले होते. मुखोपाध्याय यांनी संप्रेरके देऊन एकापेक्षा अधिक स्त्रीबीजे तयार करवून घेतली आणि पोट न उघडता योनिमार्गाने मिळविली. तयार झालेला भ्रूण त्यांनी ५३ दिवस गोठवून ठेवला आणि मातेचे शरीर औषधांच्या प्रभावातून मुक्त झाल्यावर पुढच्या एका चक्रात तिच्या गर्भाशयात सोडला. गोठवलेल्या भ्रूणापासून मूल जन्मल्याची जगमान्य घटना ऑस्ट्रेलियात घडली ती १९८४ साली. संप्रेरकांचा उपयोग, योनिमार्गाने स्त्रीबीज मिळविणे आणि भ्रूण गोठविणे या तिन्ही गोष्टी आज जगभरच्या वंध्यत्व-उपचार केंद्रांत नित्याच्या आहेत.

या माणसाचे आपण काय केले? राज्य सरकारने नोव्हेंबर १९७८ मध्ये एक चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्षपद रेडिओ-भौतिकीच्या एका प्राध्यापकाकडे होते. समितीने डॉक्टरांची उलटतपासणी घेतली आणि त्यांचा दावा बनावट ठरविला. १९७९ साली जपानमध्ये आपले काम मांडण्याचे निमंत्रण त्यांना आले, तेव्हा सरकारने जाण्याची परवानगी नाकारली. पुढे त्यांची बदली करण्यात आली ती नेत्रविकाराच्या एका संस्थेत! प्रजनन-अंतःस्रावशास्त्रात एडिनबरोची डॉक्टरेट मिळविलेला माणूस डोळ्यांच्या विभागात. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पन्नाशीचे वय होते.

त्या काळी बंगालमध्ये डाव्या आघाडीचे सरकार होते, हे सांगून आमचे काही वाचक येथे थांबू इच्छितील. सरकारचा दोष निःसंशय आहे. पण तेवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समितीत बसलेले लोक मंत्री नव्हते. डॉक्टर आणि प्राध्यापक होते, आपल्यासारख्याच सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतून आलेले होते. एका बंगाली डॉक्टरने मोजक्या साधनांनी असे काही केले असेल, यावर त्यांचा विश्वासच बसला नाही. हेच वृत्त लंडनहून आले असते तर त्यांनी त्यावर एका दिवसात विश्वास ठेवला असता. किंबहुना ठेवलाच होता. पराधीन मन म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला सापडत नाही. रमापद चौधुरींनी या शोकांतिकेवर लिहिलेल्या कादंबरीचे नाव ‘अभिमन्यू’ आहे आणि तिच्यावरूनच तपन सिन्हांनी ‘एक डॉक्टर की मौत’ हा चित्रपट काढला. अभिमन्यूला घेरणारे सारे आप्तच होते, हे नाव ठेवणाऱ्याने बरोबर ओळखले होते.

मुखोपाध्याय यांच्या वाट्याला आलेल्या या अंधारात एक गोष्ट टिकून राहिली होती. त्यांनी आपल्या कामाची टिपणे ठेवली होती आणि १९७८ सालीच शीतविज्ञानाच्या एका भारतीय संशोधनपत्रिकेत त्याविषयी लिहिले होते. त्याकडे आपण शेवटी वळू. त्याआधी, कागद नीट जपला तर काय होऊ शकते, याचे एक समाधानाचे उदाहरण सांगणे अवश्य आहे.

हळदीच्या पेटंटची कथा आपल्यापैकी अनेकांनी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकली असेल. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. ज्यांच्या नावे तो ‘शोध’ होता ते दोघेही संशोधक भारतीय वंशाचे होते, ही बाब आपण सोयीस्करपणे विसरतो. आपल्या प्रत्येक घरात आईने बोट कापल्यावर हळद दाबलेली आहे; परंतु पेटंट कार्यालयात आजीबाईची साक्ष चालत नाही. माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. त्यांनी संतापाची पत्रके काढली नाहीत. परिषदेने १९९६ मध्ये रीतसर आव्हान दिले आणि सोबत ३२ संदर्भ जोडले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदीतील जुने ग्रंथ होते, तसाच १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय संघटनेच्या मुखपत्रातील एक निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. कडुनिंबाचे युरोपातील पेटंटही पुढे असेच उलथले. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा जो संगणकीय कोश आपल्या देशाने उभा केला, त्यात प्राचीन ग्रंथांतील योग पेटंट तपासनिसांना समजतील अशा भाषांत आणि मांडणीत आणले गेले. चरक-सुश्रुतांचा अभिमान सर्वांनाच असतो. त्यांच्या श्लोकांना ग्रंथ, अध्याय आणि क्रमांक लावून देणारे हात थोडे असतात. लढाई त्या थोड्या हातांनी जिंकली.

आता आमच्याच घरातील एका सवयीविषयी. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडविले, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी उडविले, असे आपल्याकडे वर्षानुवर्षे सांगितले जाते. मागे एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही हेच वाक्य रंगीत अक्षरांत लिहिलेले पाहिले. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला विचारले, “बाळ, हे कोठे वाचलेस?” तो म्हणाला, “बाईंनी सांगितले.” बाईंना कोणा व्याख्यात्याने सांगितले असणार. तळपदे ही खरी व्यक्ती होती; मुंबईच्या कलाशाळेशी त्यांचा संबंध होता, वैदिक विमानविद्येचा त्यांना ध्यास होता आणि त्याविषयी त्यांनी लिहिलेही. त्या ध्यासाबद्दल आदरच आहे. पण यंत्र प्रत्यक्ष उडाले, याचा त्या दिवसाचा, विश्वासार्ह, पडताळून पाहता येईल असा पुरावा आजवर कोणी पुढे ठेवलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा या संदर्भात हवाला दिला जातो, त्याचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली कसून अभ्यास केला. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या पूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे सांगणारे शास्त्रज्ञ परकीय नव्हते, देशद्रोहीही नव्हते. त्यांनी ग्रंथ वाचला आणि आकडेमोड केली. उत्तर जे आले ते लिहिले.

पुराव्याविना केलेला दावा ही श्रेयाच्या चोरीचीच दुसरी जात आहे, असे म्हटले तर काहींना राग येईल. पण विचार करून पाहावा. ज्याने केले त्याचे नाव पुसणे आणि न केलेल्याचे नाव तेथे लिहिणे, या दोन्हींत सत्याचेच अपहरण होते. शिवाय व्यवहारातही त्याचा तोटा आपल्यालाच होतो. परदेशी सभेत आपला तरुण बसूंच्या कोहिअररविषयी बोलू लागतो, तेव्हा समोरचा हसून म्हणतो, “तुम्ही तर विमानही आधीच उडविले होते!” खरे नाणे खोट्या नाण्याच्या पिशवीत पडले की तेही परत केले जाते. आमच्या कार्यकर्त्यांना आणि व्याख्यात्यांना म्हणून आमची आग्रहाची विनंती आहे की, तळपद्यांविषयी बोलायचेच असेल तर तत्कालीन वृत्तपत्रांच्या फायली उघडून काय मिळते ते आधी शोधावे. एखादा अस्सल कागद हाती लागला तर तो सर्वप्रथम याच पानांवर आम्ही आनंदाने छापू. न मिळाल्यास गप्प राहण्यात अपमान नाही.

आणि आपल्या विद्यापीठांतून आज काय चालले आहे? २००२ साली कुमाऊँ विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या नावावरील एक निबंध स्टॅनफर्डच्या एका विदुषीच्या निबंधावरून उतरविलेला निघाला. देशी-परदेशी शास्त्रज्ञांनी आवाज उठविला, राष्ट्रपतींपर्यंत पत्रे गेली, चौकशी झाली आणि २००३ मध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. २००८ मध्ये तिरुपतीच्या विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाचे सुमारे ७० शोधनिबंध संशयास्पद ठरले. ज्या माशेलकरांच्या हळदीच्या लढ्याचा आम्ही वर गौरव केला, त्यांच्या अध्यक्षतेखालील पेटंटविषयक समितीचा अहवालही २००७ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यातील काही भाग दुसऱ्या अभ्यासातून जसाच्या तसा आला असल्याचे उघडकीस आले. अहवाल मागे घेण्याची विनंती त्यांनी स्वतःच सरकारला केली, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ४० पर्यंत एक शिक्षा, ६० पर्यंत दुसरी, त्यापुढे नोंदणीच रद्द. नियम हवेतच. पण चोरी टक्क्यांत मोजू लागलो की वाक्यातील शब्द फिरवून टक्का खाली आणणाऱ्या कारागिरांची दुकाने निघतात आणि ती निघालेलीही आहेत.

याहून न दिसणारी चोरी प्रयोगशाळांच्या आत होते. रात्रंदिवस राबून निष्कर्ष काढतो तो विद्यार्थी. निबंधावर पहिले नाव लागते ते विभागप्रमुखांचे. ज्यांनी तो प्रयोग पाहिलाही नाही त्यांची नावे मध्ये घुसतात आणि विद्यार्थ्याचे नाव शेवटी, कधी कधी नाहीच. आमच्या परिचयातील एका होतकरू मुलीने तीन वर्षांचे काम असेच मार्गदर्शकाच्या चरणी अर्पण केले आणि ती आता परदेशात आहे. गुरुदक्षिणा म्हणून अंगठा मागण्याची परंपरा आपण कोठून आणली, हे नव्याने सांगायला नको. अशा घरांतील आईवडील मुलाला सांगतात, “जाऊ दे, पदवी पदरात पाडून घे.” त्यांचे चुकते असे म्हणवत नाही. पण बसूंच्या नावाने हळहळणाऱ्या समाजाने आपल्या मुलीच्या नोंदवहीतील तारखांची तेवढीच काळजी वाहायला नको का?

आता पुन्हा कोलकात्याकडे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात एक मुलगी जन्मली. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार आणि डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या या यशाची नोंद ‘भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी’ अशी झाली. मुंबईकरांना त्याचा रास्त अभिमान वाटला. आमच्या पिढीला ते मथळे आठवतात. आनंदकुमार यांचे काम अस्सल होते, शास्त्रीय कसोट्यांवर उतरलेले होते. त्यांनी कोणाचे काही चोरले नव्हते. पहिलेपणाचा तो मान आयुष्यभर सुखेनैव मिरवायला त्यांना कोणतीच अडचण नव्हती, कारण दुसरा दावेदार केव्हाच मरण पावला होता आणि सरकारी समितीने त्याला आधीच खोटा ठरविले होते.

१९९७ च्या फेब्रुवारीत ते एका परिषदेसाठी कोलकात्यास गेले. तेथे मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे आणि कागदपत्रे त्यांच्या हाती आली. या विषयातला दर्दी माणूस. त्यांनी ती ओळ न् ओळ वाचली. संप्रेरकांच्या मात्रा, स्त्रीबीज मिळविण्याची पद्धत, भ्रूण गोठविण्याचा आणि पुन्हा उबविण्याचा क्रम, सारे काही तेथे होते आणि हे सर्व प्रत्यक्ष केलेल्या माणसाखेरीज कोणी लिहू शकणार नाही, याविषयी त्यांची खात्री पटली. रेडिओ-भौतिकीच्या प्राध्यापकांच्या समितीला जे दिसले नव्हते, ते त्या विषयातील पहिल्या खऱ्या वाचकाला दिसले. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात त्यांनी बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ या पत्रिकेत लेख लिहिला. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही हा विषय विचारात घेतला. २००३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ‘दुर्गा’ आपली खरी ओळख सांगत लोकांसमोर आली. रॉबर्ट एडवर्ड्स यांना या शोधासाठी नोबेल मिळाले ते २०१० मध्ये. त्या वर्षाच्या प्रारंभीच आनंदकुमार यांचे निधन झाले होते.

‘करंट सायन्स’मधील त्या लेखाच्या शीर्षकात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांना भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार म्हटले आहे. त्याखाली लेखकाचे नाव आहे टी. सी. आनंदकुमार. त्या दिवसापर्यंत, अकरा वर्षे, तो मान त्यांच्या स्वतःच्या नावावर होता.